पान शे का?

झुंबरअण्णांचा फोन आला की पल्लवी आधी पेन खाली ठेवायची, मग डोळे मिटायची आणि मग म्हणायची, "बोला अण्णा." त्या आठवड्यात हे तीनदा झालं.

"पडलं," अण्णा म्हणाले.

"काय पडलं?"

"तुझा प्रोग्रॅम, दुसरं काय पडणार? छापायला गेलो आणि पडला. निळी पाटी आली, काहीतरी इंग्रजीत शिव्या दिल्या आणि गायब. त्या भिकाच्या वावराची हद्द अर्धा तास बसून आखली होती, तीही घेऊन गेला."

"त्याआधी तुम्ही काय काय केलंत? एकेक सांगा."

"काय नाही केलं. उघडलं, बघितलं, छापलं."

"बस?"

"बस."

पल्लवीनं आपल्या कॉम्प्युटरवर उघडलं, बघितलं, छापलं. प्रिंटरनं कागद दिला, टेकडी रंगीत, तळ्याचं पाणी निळं. तिनं फोनमध्ये सांगितलं, "इथं होतंय अण्णा. तुमच्या मशीनमध्ये खोट असेल."

"मशीनमध्ये खोट नाही. मशीनवर मी रोज फडकं मारतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. एवढं बोलणंही त्यांना लांबलचक वाटलं असणार.

साल दोन हजार चार. नाशिकला द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. मी आराखडे काढायची, आधी वीस वर्षं शाईनं आणि मग माऊसनं. पल्लवी प्रोग्रॅम लिहायची. वय सव्वीस, हुशारी भरपूर, स्वतःची चूक मान्य करायची सवय बेताची. तिचं माझ्याशी जमायचं, कारण मला प्रोग्रॅममधलं काही कळत नाही हे मी आधीच सांगून टाकलं होतं.

काम हरसूलच्या एका संस्थेचं होतं. डोंगरात एक पाझर तलाव बांधायचा होता. तलाव भरला की पाणी कुठवर चढेल, कोणाचं भाताचं खाचर बुडेल, कोणाचं वाचेल, हे प्रत्येक घराला त्याच्या त्याच्या कागदावर दाखवायचं. एकेचाळीस घरं, एकेचाळीस कागद. ज्याच्या हद्दीत निळं दिसेल त्याचं नाव बदली जमिनीच्या यादीत. यादी बाजाराच्या दिवशी, सगळे जमलेले असताना, व्हायची होती. नंतर कोणी म्हणालं की माझंही बुडालं, तर त्याच्या तोंडाकडे बघणारं कोणी राहणार नव्हतं. यादी जमिनीच्या खात्याचे सरकारी साहेब घेऊन जाणार आणि साहेब परत हरसूलला कधी येतील हे साहेबांनाही माहीत नव्हतं.

कागद नाशिकहून छापून नेता आले असते तर प्रश्नच नव्हता. पण हद्दी तिथं बसून, माणूस समोर ठेवून आखायच्या होत्या. "हा बांध माझा न्हाय, त्यो फकिराचा," असं कोणी म्हणालं की रेघ सरकवायची. ते काम झुंबरअण्णा करायचे. अण्णा मूळचे नामपूरचे. कांद्याच्या बाजारात पंधरा वर्षं हिशेब लिहिला, मग संस्थेत कारकून म्हणून आले. त्यांचा हिशेब एकाच नियमावर चालायचा: जे वापरात नाही ते बंद करा. पाणी प्यायला उठले तरी पंखा बंद. पेनाचं टोपण दोन ओळींच्या मध्येसुद्धा लावायचे. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यांनी क्लिपेत अडकवून ठेवला होता आणि त्यातल्या एकेका कागदाचे चार तुकडे करून चिठ्ठ्या लिहायचे.

"आशाताई, परवा बाजार आहे," पल्लवी मला म्हणाली. "अण्णांच्या मशीनला काय झालंय ते बघायला हवं. चला."

"मी कशाला? मला काय कळतं?"

"अण्णा तुमच्यावर ओरडत नाहीत म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. पल्लवीच्या पिशवीत पोळीभाजी आणि तिच्या प्रोग्रॅमचं सगळं सामान भरलेल्या तीन सीड्या. तीन का, विचारलं तर म्हणाली, "दोन बिघडल्या तर?" अण्णांशी तिचं जमत नाही असं ती म्हणायची. मला तर तेव्हाच शंका आली होती की दोघं एकाच मातीची आहेत.

संस्थेचं ऑफिस म्हणजे बाजारपेठेतली एक खोली, पुढे पत्र्याचा ओटा. ओट्यावर एक बाई बसली होती. साठीची असेल. कासोटा घातलेलं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेली मोहाची फुलं. आम्हाला बघून उठली नाही, पण सरकून वाट दिली.

"ही सगुणाबाई," अण्णा म्हणाले. "रोज येते. हिचा कागद हिला आधी पाहिजे."

"आधी नको," सगुणाबाई म्हणाली. "खरा पायजे."

तिची कथा अण्णांनी आत येता येता सांगितली. नवरा नाही. मुलगा द्राक्षाच्या बागांत कामाला जातो, तो जून लागल्याशिवाय येत नाही. ओहोळाच्या काठाने एकाखाली एक अशी तीन खाचरं आहेत, त्यांवर वर्षाचा तांदूळ. खालचं खाचर बुडेल म्हणतात, कोणी म्हणतं तिन्ही जातील, कोणी म्हणतं काहीच जाणार नाही. तलावाला संमतीचा अंगठा उद्या द्यायचा होता. ती सगळ्यांना एकच सांगत होती: पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी बघीन, मग अंगठा.

"बसा अण्णा, तुम्ही नेहमी करता तसं करा," पल्लवी म्हणाली. "मी फक्त बघते."

अण्णा खुर्चीत बसले, चष्मा पुसला, प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर एक खिडकी आली आणि तिच्यात टेकडी उभी राहिली. अण्णांनी ती माऊसनं इकडून तिकडून फिरवली. सगुणाबाईचा गट नंबर टाकला, हद्द लाल झाली. मान डोलावली. मग वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली, टेकडीची खिडकी मिटली. मग 'छापा' दाबलं.

निळी पाटी. इंग्रजी शिव्या. गायब.

"बघ!" अण्णा म्हणाले. आवाजात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं.

पल्लवीनं रिकाम्या पडद्याकडे बघितलं. मग हसायलाच लागली. "अण्णा! तुम्ही खिडकी बंद केलीत!"

"मग? बघून झालं ना."

"पण फोनवर तुम्ही म्हणालात, उघडलं, बघितलं, छापलं!"

"बरोबरच म्हणालो."

"आणि बंद केलं ते?"

"ते काय करणं असतं का?" अण्णांना खरंच कळेना. "दिवा घालवला असं कोणी सांगतं का? माणूस सांगतो, जेवलो, झोपलो. मध्ये दिवा घालवलेलाच असतो."

ते तीन फोन, चार दिवसांचे वाद आणि पन्नासेक किलोमीटरची एसटी या एका फुलीसाठी. पल्लवी कधीच खिडकी बंद करायची नाही, तिच्या पडद्यावर एका वेळी पंधरा खिडक्या उघड्या असतात. त्यामुळे नाशकात प्रोग्रॅम कधी पडला नाही आणि हरसूलला कधी उभा राहिला नाही.

तिनं आम्हाला समजावून सांगितलं. टेकडी प्रोग्रॅम स्वतः काढत नाही. चित्र काढायच्या आज्ञांची एक तयार पेटी असते, तिला ग्राफिक्स लायब्ररी म्हणतात. रेघ काढ, रंग भर, पाणी दाखव, असं तिला सांगायचं. पण कुठे काढायचं ती जागा आधी मांडलेली लागते. तिला रेंडरिंग कॉन्टेक्स्ट असं मोठं नाव आहे. खिडकी उघडली की ती जागा तयार होते, मिटली की जाते. छापताना प्रोग्रॅमनं पुन्हा लायब्ररीला सांगितलं, पाणी दाखव. लायब्ररीनं हात पुढे केला, खाली काहीच नाही. तिथंच कोसळली आणि सगळ्यांना घेऊन कोसळली.

"म्हणून अण्णा, खिडकी बंद करायची नाही. छापून होईपर्यंत उघडी ठेवायची. संपलं," पल्लवी म्हणाली आणि सीड्यांची पिशवी उचलायला लागली.

अण्णांनी चष्मा काढला.

"पोरी, दिवा घालवला म्हणून घर पडतं का?"

पल्लवी थांबली.

"उद्या मी ध्यानात ठेवीन. परवा विसरेन. मी रजेवर असेन तेव्हा तो राजू बसेल, त्याला कोण सांगेल? फुली तू दिली आहेस. फुली दाबायची नव्हती तर दिली कशाला?"

पल्लवीचे कान लाल झाले. तिनं पिशवी परत ठेवली, सीडी घातली, बाही वर केली. मी ओट्यावर जाऊन बसले. सगुणाबाईनं मला मोहाची चार फुलं दिली. चघळत बसलो.

"ती पोर काय करते?" तिनं विचारलं.

"चूक दुरुस्त करते."

"कोणाची?"

"ते अजून ठरलेलं नाही," मी म्हणाले.

तासाभरानं आतून हाक आली. पल्लवीनं प्रत्येक चित्राच्या आज्ञेआधी एक पहारा बसवला होता. जागा मांडलेली आहे का बघायचं. असेल तर काढायचं. नसेल तर काही न बोलता पुढे जायचं. अण्णांनी उघडलं, बघितलं, फुली दाबली, 'छापा' दाबलं. प्रोग्रॅम उभा! प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला.

"व्हयी गयं!" अण्णा ओरडले. आनंद झाला की ते सरळ नामपूरला पोचायचे, अहिराणीत. त्यांनी चहा मागवला, तोही पाच कप, म्हणजे एक जास्तीचा. असं त्यांच्याकडून कधी झालेलं मी ऐकलं नव्हतं.

कागद सगुणाबाईचा होता. वर तिचं नाव, गट नंबर, खाली संस्थेचं नाव. मधल्या चौकटीत पांढरं. अण्णांनी तो हातात धरून चष्म्यातून बघितला, उलटा करून बघितला.

"सगुणाबाई, ये गं. निळं काहीच नाही. तुझं काहीच बुडत नाही! तिन्ही खाचरं वाचली. यादीत नावाची गरज नाही, उद्या बिनघोर अंगठा दे."

बाजारातले दोघं ओट्यावरून डोकावले होते, ते म्हणाले, "नशीब काढलं म्हातारीनं." मलाही बरं वाटलं. प्रोग्रॅम पडला नाही यातच आम्ही खूश; पल्लवीनं कागदाकडे न बघताच चहाचा घोट घेतला.

सगुणाबाईनं कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, उजेडाकडे केला.

"भाऊ, हा कागद तळ्याचा ना?"

"तळ्याचाच."

"मंग तळं कुठं हाय?"

अण्णांनी वाकून कागद परत बघितला. सगुणाबाई थांबली नाही.

"माझं खाचर बुडो नायतर ऱ्हावो. पण तळ्याच्या कागदावर तळं पायजे का नाय? डोंगर बी नाय. माझा बांध बी नाय. समदं पांढरंच हाय. मी काय मोकळ्या कागदावर अंगठा देऊ?"

पल्लवीनं कप खाली ठेवला. चहा तिच्या बोटांवर सांडला तरी तिला कळलं नाही. पहाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. जागा नव्हती म्हणून एकेक आज्ञा गुपचूप सोडून दिली. टेकडी सोडली, हद्द सोडली, पाणीही सोडलं आणि काहीच न काढलेला कागद सरळ चेहऱ्यानं बाहेर पाठवला. आधी निदान पडून सांगत तरी होता की माझ्यात खोट आहे. आता गप्प बसून खोटं सांगत होता. उद्या असे एकेचाळीस कागद निघाले असते, यादी कोरी गेली असती आणि पावसात तळं भरल्यावर लोकांना कळलं असतं. ही बाई ओट्यावर रोज येऊन बसत होती म्हणून वाचलो.

अण्णांनी कागद तिच्या हातातून घेतला. रागावतील असं मला वाटलं. पण ते खुर्चीत टेकून वर पंख्याकडे बघत राहिले. पंखा चालू होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं, इतके ते विचारात होते.

"पल्लवी, तू पंगतीत कधी वाढलंयस?"

"पंगतीत? नाही. बुफे असतो हल्ली."

"तरीच." अण्णा सरसावून बसले. "नामपूरला आमच्या भावकीत लग्न असलं की वाढप्यांचा मुकादम मी. चारशे पानांची पंगत. नवा वाढपी आला की त्याला पहिला धडा एकच. वरणाचं भांडं कलतं करायच्या आधी विचार: पान शे का? समोर पान मांडलेलं आहे का? एक पोरगा न विचारताच धावत सुटला. मध्ये एक जण उठून गेला होता, कोणीतरी त्याचं पान उचललेलं. याने गरम वरण ओतलं सरळ जमिनीवर. शेजारच्याचा पाय भाजला, पंगत उठली. हे तुझं पहिलं."

"बरोबर," पल्लवी हळूच म्हणाली.

"पुढच्या लग्नात तोच पोरगा. आता शहाणा झालेला. पान दिसलं नाही की तिथून गुपचूप पुढं. सांडलं काही नाही, भाजलं कोणी नाही. मी म्हटलं वा! आणि पंगत संपल्यावर बघतो तर एक म्हातारा भिंतीशी बसलेला, नवरीचा मामा. पानच मिळालं नव्हतं, म्हणून त्याला कोणीच वाढलं नव्हतं. उपाशी उठला. ती सोयरीक आजही आमच्याशी धड बोलत नाही. हे तुझं दुसरं."

पल्लवी खाली बघत होती. पण आता ओठांच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं होतं.

"मग चांगला वाढपी काय करतो?"

"हाक मारतो! भांडं सरळ धरतो, जागचा हलत नाही आणि ओरडतो: पान लई या रे! पान आलं की मांडतो, वाढतो आणि मगच पुढं जातो."

"आणि पानं संपलीच असली तर?"

"तर यजमानाला तोंडावर सांगतो, पानं संपली. माणसाला सांगतो, थांबा. जेवलात असं सांगत नाही."

"आशाताई," पल्लवी मला म्हणाली, "पोळीभाजी काढा. वेळ लागेल."

वेळ लागला. दुपार कलली. अण्णांनी तिच्यासाठी पंखा चालू ठेवला आणि स्वतः पाणी प्यायला दोनदा उठले तरी बंद केला नाही. हे मी मुद्दाम मोजलं. तिनं जे केलं ते तिनंच मला नंतर सोप्या शब्दांत सांगितलं. प्रोग्रॅम आता छापायच्या आधी विचारतो, जागा आहे का. मोठी खिडकी उघडी असेल तर ठीक. नसेल तर तो स्वतः पडद्याआड, कोणाला न दिसेल अशी एक छोटी खिडकी मांडतो, तिच्यात टेकडी काढतो, पाणी भरतो, कागद छापतो आणि ती खिडकी उचलून ठेवतो. तीही मांडता आली नाही तर कागद छापतच नाही. पडद्यावर मराठीत लिहून येतं: चित्र काढायला जागा मिळाली नाही, कागद छापलेला नाही. हद्दीही आता आधी जपून ठेवल्या जातात, मग छपाईला हात लागतो.

विचारणाऱ्या त्या ओळीला नाव द्यावं लागतं म्हणे. तिनं इंग्रजी अक्षरांत ठेवलं, पण मी वाचलं. पानशेका.

संध्याकाळच्या आत अण्णांनी दहा वेळा तपासलं. उघडून छापलं, मिटून छापलं, न उघडताच छापलं. शेवटी तर खिडकी उघडायच्या भानगडीतच न पडता छापायला लागले, कारण त्यात आणखी बचत होती. प्रत्येक कागदावर टेकडी, प्रत्येक कागदावर निळं. प्रत्येक वेळी ते निळ्यावर बोट ठेवून बघायचे, ओलं आहे का बघितल्यासारखं.

आम्ही रात्री तिथंच एका बाईंकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी बाजार भरला. ओट्याखाली मिरच्या, सुकट, कोंबड्या, बांगड्या आणि ओट्यावर एकेचाळीस घरांची रांग. साहेब खुर्चीत. अण्णा हद्द दाखवायचे, माणूस हो म्हणायचा, अण्णा फुली दाबायचे, दर वेळी पल्लवीकडे एकदा बघून, आणि मग 'छापा'. प्रोग्रॅम एकदाही पडला नाही. सव्विसाव्या घराला पल्लवीनं नखं कुरतडणं थांबवलं. मला वाटतं तोवर तिची संपलीही असावीत.

सगुणाबाई तेराव्या नंबरावर होती. अण्णांनी तिचा कागद दोन्ही हातांनी दिला, कालच्यासारखा वाचून दाखवला नाही. "तूच बघ," म्हणाले.

तिनं बघितला. डोंगर ओळखला. ओहोळावर बोट ठेवलं, तिथून वर सरकवलं. तळ्याचं निळं तिच्या खालच्या खाचरावर पसरलं होतं, पूर्ण. मधल्याच्या बांधाला टेकून थांबलं होतं. वरची दोन्ही कोरडी.

"खालचं गेलं," ती म्हणाली.

"गेलं," अण्णा म्हणाले. "साहेब, तेरा नंबर, सगुणाबाई, एक खाचर, यादीत घ्या."

साहेबांनी नाव लिहिलं. सगुणाबाईनं ते लिहून होईपर्यंत पेनावरची नजर हलवली नाही. मग एकदम खांदे सैल सोडले आणि हसली. दात दोनच होते, पण हसू भरपूर.

"गेलं तं गेलं. पाण्यात बुडायच्या आधी कागदात बुडलं, त्ये बरं झालं. आता बदल्यात मिळंल. काल त्या पांढऱ्या कागदावर भुलले असते, तं खाचर बी गेलं असतं आन् नाव बी." तिनं अंगठा शाईत बुडवला, संमतीच्या कागदावर दाबला आणि उरलेली शाई पल्लवीच्या गालाला हळूच लावली. "हुशार हाय पोर. पण विचारत जा गं लोकांना."

पल्लवीनं गाल पुसला नाही. परतीच्या एसटीत बसेपर्यंत तसाच होता.

निघताना आम्ही अण्णांचा निरोप घ्यायला आत गेलो. ते आवरत होते. टेबलावर कालचा पांढरा कागद पडला होता, सगुणाबाईच्या नावाचा, मधे रिकामी चौकट असलेला.

"हा कोणाच्या हाती लागायला नको," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तो उभा फाडला. मग आडवा. अण्णांना चांगला कागद फाडताना मी पहिल्यांदाच बघत होते. पल्लवीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

अण्णांनी चारी तुकडे एकावर एक ठेवले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि क्लिपेत अडकवले.

"चार चिठ्ठ्या झाल्या," ते म्हणाले आणि पंखा बंद केला.